पाळीपाळीने पाहिलेली बेटं

ग्रीसमध्ये आम्ही नवराबायकोने एक गाव, तीन बेटं, दोन किल्ले आणि मोजता येणार नाहीत इतकी मांजरं पाहिली. पण पहिले पाच दिवस यातलं काहीही आम्ही दोघांनी मिळून पाहिलं नाही. गेलो बरोबर, राहिलो बरोबर, जेवलो बरोबर. पाहायचं मात्र पाळीपाळीने. एकाने सामानापाशी बसायचं, दुसऱ्याने बघून यायचं, मग बसलेल्याने उठायचं आणि आलेल्याने बसायचं.

याला कारण आमची बॅग. लाल, चाकांची, या प्रवासासाठी मुद्दाम घेतलेली. तिच्यात परतीची तिकिटं, माझ्या दोन बांगड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू होते. आम्ही उतरायचो त्या खोलीच्या किल्ल्या दोन असायच्या, एक आमच्याकडे आणि एक मालकिणीकडे. तेवढ्यावरून आमचे हे बॅग खोलीत ठेवायला तयार नव्हते. "दुसरी किल्ली आहे म्हणजे कुलूप नाहीच असं समज," असं यांचं म्हणणं. मग ती बॅग दगडी गल्ल्यांतून खडखडत आमच्याबरोबर फिरायची आणि आमच्यातलं एक जण तिच्यापाशी अडकून पडायचं.

आमची एकुलती एक मुलगी आणि जावई तेव्हा पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराच्या गावी राहत होते. जावई जहाजदुरुस्तीच्या कामात, मुलगीही नोकरीत. २००६ च्या मे महिन्यात, माझ्या शाळेला सुटी लागल्यावर आम्ही गेलो, तर दोघांनाही रजा नव्हती. "आठ दिवस तुम्ही दोघंच फिरा, आई," मुलगी म्हणाली. "हनिमूनला कुठे गेला होतात?" हनिमूनला आम्ही कुठेच गेलो नव्हतो. लग्नाच्या चौथ्या दिवशी यांची नाइट शिफ्ट होती. तिने एका कागदावर बोटींच्या वेळा आणि खोल्यांचे पत्ते लिहिले, खाली ग्रीक अक्षरांत 'मांस नको, मासे नको' असं लिहिलं, एक मोबाइल माझ्या पर्समध्ये टाकला आणि आम्हाला बसमध्ये बसवून दिलं.

पहिलं गाव नाफ्प्लिओ. समुद्राकाठचं, डोक्यावर डोंगरी किल्ला असलेलं. बस थांबली तिथे एका झाडाखाली बाक होता. हे त्यावर बसले, बॅग पायांत धरली आणि म्हणाले, "तू जाऊन ये. मी आहे इथे."

मी गेले. गावाच्या मधोमध एक चौक आहे, सगळा संगमरवराचा. माणसांच्या चालण्याने तो दगड इतका गुळगुळीत झालाय की चपला काढून हातात घ्याव्यात असं वाटलं. गल्ल्या अरुंद, आमच्या पंचवटीतल्यासारख्याच, पण भिंतींवरून बोगनवेल खाली आलेली आणि प्रत्येक दारासमोरची पायरी धुतलेली. एक म्हातारी बाई आपल्या घरासमोरचा रस्ता झाडून त्यावर पाणी शिंपडत होती. आपल्याकडे सडा घालतात तसंच. फक्त रांगोळी राहिली. मी तिच्याकडे बघून हसले, तीही हसली आणि मला वाट द्यायला बादली बाजूला घेतली. मी शाळामास्तरीण आहे. लोक आपापलं काम नीट करताना दिसले की मला उगाचच त्यांना पूर्ण मार्क द्यावेसे वाटतात. त्या गावाला मी पहिल्या अर्ध्या तासात पूर्ण मार्क देऊन टाकले.

परत येऊन मी बाकावर बसले आणि हे किल्ल्यावर गेले. दोन तासांनी उतरले ते घामाने निथळत. पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि सांगायला लागले. "पायऱ्या नऊशे नव्व्याण्णव आहेत असं लोक सांगतात. मी मोजल्या. तेवढ्या नाहीत. वरून खाली बघितलं की समुद्रात एक चिमुकला किल्ला दिसतो, पाणी थेट त्याच्या भिंतीला लागतं. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी वर उतार असे काढलेत की एक थेंब वाया जाऊ नये. दक्षिणेच्या बुरुजावर कुठूनसा वारा येतो, तिथे एक मेंढपाळ झोपलेला होता. त्याच्या टोपीवर टोळ बसला होता." मी तो किल्ला चढले नाही. पण तो झोपलेला माणूस आणि त्याच्या टोपीवरचा टोळ मला आजही दिसतो.

हे असं एकमेकांना सांगणं आम्हाला नवीन नव्हतं. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. फर्स्ट, सेकंड, नाइट, अशी चक्रं फिरत चौतीस वर्षं गेली. मी नाशिकरोडला प्राथमिक शाळेत. मी उठायचे तेव्हा हे झोपायला यायचे, हे जेवायला बसायचे तेव्हा मी वह्या तपासत असायचे नाहीतर शाळेत. प्लांटवर शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. अमुक पंप बंद आहे, तमुक ठिकाणी गळती आहे, लक्ष ठेवा. आमच्या दारातही तेच चालायचं. "वरण झाकून ठेवलंय, पोरीचा खोकला वाढलाय, नळाला पाणी साडेचारला येईल." हे बूट काढता काढता ऐकायचे आणि म्हणायचे, "घेतला चार्ज." मग मी पायात चपला सरकवायचे. संसार छान झाला. भांडायलासुद्धा एकत्र वेळ मिळाला नाही.

प्रवासाच्या आदल्या डिसेंबरअखेर हे निवृत्त झाले. हार, शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "तू पण सोड आता शाळा. स्वेच्छानिवृत्ती घे. किती वर्षं नुसतं दारात भेटायचं?"

ऐकायला गोड वाटतं. मला मात्र घाम फुटला. माझी सहा वर्षं उरली होती आणि चौथीचा वर्ग माझा जीव की प्राण होता. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला, त्याच्याबरोबर सकाळपासून रात्रीपर्यंत सलग एक दिवस कसा काढायचा, हे मला माहीत नव्हतं. त्याला दिवसभर बायको कशाला हवी, तर चहा, गरम फुलके, पुन्हा चहा, असंच मी धरून चालले होते. तोंडावर नाही म्हणवेना. "जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. म्हणजे त्या प्रवासात लाल बॅगेबरोबर हा प्रश्नही आमच्यामागे खडखडत येत होता. हे तो काढत नव्हते. मीही काढत नव्हते.

नाफ्प्लिओहून परत येऊन आम्ही बोटीने एजिना बेटावर गेलो. बंदराच्या तोंडाशी पांढरं शुभ्र, खेळण्याएवढं देऊळ आणि किनाऱ्याने ओळीने होड्या. त्यातल्या एका होडीवर चक्क भाजीचं दुकान होतं. होडी धक्क्याला बांधलेली, वर ताडपत्री आणि पाटावर मांडावी तशी भाजी मांडलेली. टोमॅटो, काकड्या, कोवळ्या दोडक्यासारखं काहीतरी, लसूण आणि कांदे. माझं माहेर देवळ्याचं, मी कांद्याच्या राशींत खेळून मोठी झालेली. कांदा दिसल्यावर मी पुढे जाऊच शकत नाही.

मी एक कांदा उचलला आणि त्याची मान अंगठ्याने दाबून पाहिली. मान वाळलेली असली की कांदा टिकतो, हे आमच्याकडे चालायला येण्याआधी कळतं. होडीवरचा जाडजूड माणूस माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने वरचा ढीग बाजूला सारला, आतून चार कांदे काढले, प्रत्येकाची मान स्वतः दाबली आणि माझ्या हातात ठेवले. त्याने विकायला वर मांडलेले वेगळे आणि घरच्यासाठी आत ठेवलेले वेगळे. मला त्याने घरच्यांतले दिले. मला इतका आनंद झाला की मी त्याला मराठीत म्हटलं, "दादा, तुमचा कांदा एक नंबर आहे." त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

मग यांची पाळी. हे त्याच होडीवर जाऊन आले. मी विचारलं, "बघितलेत का कांदे?" "कांदे कुठे होते?" हे म्हणाले. यांनी पाहिलं होतं ते असं. होडीचं इंजिन जुनं आहे पण तेलाचा एक डाग नाही. दोराची गाठ अशी आहे की ओढलं तर घट्ट होते आणि एका बोटाने सुटते. ताडपत्रीला उन्हाच्या बाजूने एक जास्तीचा पडदा शिवलाय, तो दुपारी भाजीवर सावली धरतो, आणि तो बायकोने शिवलाय, कारण शिवण घरच्या मशीनची आहे. एकाच होडीवरून मी कांदे आणले आणि यांनी इंजिन. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली बसून आम्ही दशमीबरोबर तो कांदा फोडून खाल्ला. नाशिकच्या माणसाला द्राक्षाचा मांडव काय दाखवायचा, पण तिथे तो घराच्या दारातच होता, सावलीसाठी, आणि मालकीणबाई त्याखाली बसून शेंगा सोलत होती. मला यांच्या नजरेचं कौतुक वाटायला लागलं होतं. पण ते मी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या बोटीत बसलो. जायचं होतं इड्राला, वाटेत दोन थांबे. पहिला मेथाना. तिथे गंधकाचा वास येतो, गरम पाण्याचे झरे आहेत. दुसरा पोरोस. पोरोस बेट आणि समोरची मुख्य जमीन यांच्यात समुद्राची एवढीशी पट्टी आहे की बोट आत शिरली तेव्हा दोन्ही तीरांवरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे ओळखू येत होते. गाव टेकडीवर एकावर एक रचल्यासारखं, पांढरं, आणि अगदी माथ्यावर घड्याळाचा मनोरा. समोरच्या तीरावर लिंबांच्या बागा. ते बघून मी वेडीच झाले.

बोट थांबली, पुढचा मोठा फळका खाली पडला आणि ट्रक उतरायला लागले. "वेळ आहे," हे म्हणाले, "तू जाऊन ये. पाच मिनिटांत ये." मी पळतच उतरले. धक्क्यावर उभी राहिले आणि वाऱ्याबरोबर लिंबाच्या फुलांचा वास आला. घड्याळाकडे बघितलं, पाच मिनिटं व्हायच्या आत परत चढले. वर येऊन मी यांना म्हटलं, "अहो, पटकन उतरून या. लिंबाचा मोहर आलाय. वास घेऊन लगेच परत या."

जगात कुठल्याही माणसाने याच्यापुढे विचार केला असता, की बोटीचा थांबा एकदाच असतो, प्रत्येक माणसाला वेगळा नसतो. आमच्या डोक्यात तो विचार आलाच नाही. मी पाहून आले होते, आता यांची पाळी होती, एवढंच आम्हाला कळत होतं. हे उतरले. मी बॅगेवर हात ठेवून बसले. थोड्या वेळाने माझ्या पायाखालची बोट थरथरली आणि खिडकीतला गावाचा मनोरा हळूहळू डावीकडे सरकायला लागला.

मी बॅग ओढत कठड्याशी गेले. फळका वर उचलला गेला होता. धक्का आणि बोट यांच्यात पाणी दिसायला लागलं होतं आणि धक्क्यावर, दोराच्या रिकाम्या खुंट्याशेजारी, हे उभे होते. मी "अहो" म्हणून अशी हाक मारली की डेकवरची सगळी माणसं वळली. हे धावले नाहीत, ओरडले नाहीत. आधी त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, बोट सुटली ती वेळ टिपून घेतल्यासारखं. मग हात वर करून तळवा दाखवला. प्लांटवर लांबच्या माणसाला तशी खूण करतात. जिथे आहेस तिथे थांब.

पासपोर्ट, पैसे, मोबाइल, पत्त्यांचा कागद, सगळं माझ्या पर्समध्ये. यांच्या खिशात एक रुमाल आणि एक कंगवा.

तिकिटं बघणारी बाई माझ्याकडे आली. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं, तिचंही जेमतेम तेवढंच, म्हणून आमचं छान जमलं. मी धक्क्याकडे बोट केलं, मग मंगळसूत्र हातात धरून तिला दाखवलं. ते तिला काय कळणार होतं कोण जाणे, पण कळलं. तिने वर जाऊन कोणाला तरी सांगितलं, त्यांनी वायरलेसवर पोरोसच्या बंदरात कळवलं आणि तिने येऊन मला समजावलं. यांना मागच्या बोटीत बसवतील. मागची बोट दुपारी. मी इड्राला उतरायचं आणि धक्का सोडायचा नाही. मग ती माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिला इतर कामं होती. तरी राहिली.

इड्रा येतं ते एकदम येतं. बोट एका उघड्या खडकाला वळसा घालते आणि मागे लपवून ठेवल्यासारखं अख्खं गाव समोर उभं राहतं. तीन बाजूंनी डोंगर, डोंगरावर खालपासून वरपर्यंत करड्या दगडांची घरं, तळाशी बंदराचा अर्धा गोल. मला रडू येत होतं आणि गाव इतकं सुंदर होतं की रडायचं राहून गेलं.

धक्क्यावर उतरले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग लक्षात आलं, आवाज नाही. त्या बेटावर गाडी नाही, स्कूटर नाही, काहीच नाही. सामान वाहायला गाढवं आणि खेचरं. एका खेचराच्या पाठीवर फ्रिज बांधून नेत होते आणि ते खेचर पायऱ्यांवरून असं जपून चाललं होतं, जणू आत दूध ठेवलंय. चौतीस वर्षं टर्बाइनच्या घरघरीत काढलेल्या माणसाला ही शांतता दाखवायची म्हणून मी मुलीला हे बेट यादीत घालायला सांगितलं होतं. आणि तो माणूस मागच्या बेटावर राहिला होता.

पहिला अर्धा तास मी नुसती घाबरलेली होते. यांना बीपीची गोळी एक वाजता घ्यायची असते, ती बॅगेत. मग राग आला. उतरायचं कशाला, मी म्हटलं तरी आपण नाही म्हणायचं. समोरच्या कॉफीच्या दुकानातली बाई आली आणि मला सावलीत तिच्या खुर्चीवर बसवून गेली. थंड पाणी, एक संत्रं. मी दिलेले पैसे तिने परत माझ्या पर्समध्ये कोंबले.

आणि मग, खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. एकटीने बसायला. कोणाचा चहा नाही, कोणाला काही विचारायचं नाही. मला हे आवडतं, मला माझा दिवस माझा लागतो, हे मला त्या खुर्चीत स्वच्छ कळलं. शाळा सोडायची नाही. बोट आली की सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. मी वाक्य जुळवून ठेवलं.

पण हे ठरवून मी आजूबाजूला बघायला लागले, तर मला एक विचित्र गोष्ट जाणवली. मी नुसती बघत नव्हते. मी जमवत होते. फ्रिजचं खेचर, हे यांना सांगायचं. बंदरातल्या संगमरवरी मनोऱ्यातल्या घंटेचा ठोका ऐकू आल्यावरही हवेत राहतो, हे सांगायचं. मांजरं कोळ्यांच्या जाळ्यांवर झोपतात आणि कोळी त्यांना उठवण्याऐवजी दुसरं जाळं घेतात, हे तर आधी सांगायचं. शाळेतसुद्धा मी हेच करत आले होते. एखाद्या पोराने काही भन्नाट उत्तर दिलं की मनात पहिलं येणार, संध्याकाळी दारात सांगू. बोट यायला अजून दोन तास होते, आणि ती यांना न घेताच आली तर हे सगळं मी कोणाला सांगणार होते? तेव्हा मात्र मी रडले. दुकानातल्या बाईने दुसरं संत्रं आणून ठेवलं.

बोट आली. हे सगळ्यांत शेवटी उतरले, हातात फुलांची डहाळी असलेलं एक लिंबू. मी उठून उभी राहिले आणि पहिलं वाक्य तोंडातून आलं ते, "गोळी घ्या आधी."

यांनी गोळी घेतली. बंदरातल्या माणसांनी यांना ऑफिसात बसवलं होतं, पाव आणि चीज खाऊ घातलं होतं. "फार चांगली माणसं," हे म्हणाले. "कोणी हसलं नाही." मी म्हटलं, "हसले असतील, तुम्हाला कळलं नसेल." मग मी म्हटलं, "चला, वर जाऊन येऊ."

"बॅग?"

मी बॅग उचलली, दुकानातल्या बाईच्या काउंटरमागे नेऊन ठेवली आणि परत आले. बाईने नुसती मान हलवली. हे दोन पावलं चालले, मागे वळून बघितलं, पुन्हा दोन पावलं चालले. असं पहिल्या वळणापर्यंत झालं. मग बॅग दिसेनाशी झाली आणि हे सरळ चालायला लागले.

पांढऱ्या भिंतींमधून पायऱ्या वर जात होत्या. आमच्या प्रवासात पहिल्यांदाच आम्ही एकच गोष्ट एकाच वेळी बघत होतो आणि मजा म्हणजे त्यात लगेच भांडण झालं. मी म्हटलं, त्या दाराचा रंग निळा. हे म्हणाले, राखाडी, सावलीमुळे निळा दिसतो. अर्ध्या वाटेवर एका बंद घराच्या पायरीवर दम खायला बसलो. खाली बंदर, बोटी, कलायला लागलेलं ऊन. यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही." ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला माझं वाक्य काढवेना. तरी काढलं.

"मी शाळा सोडणार नाहीये."

 यांनी लिंबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "मग दुपारी मी काय करू?"

मी त्यांच्याकडे बघितलं. अख्खं युनिट बंद पडल्यावर चार जिल्हे अंधारात गेले तरी हा माणूस घाबरला नव्हता, असं यांचे सोबती सांगायचे. तो माणूस दुपारबद्दल विचारत होता.

"आपल्या घरात दुपारी काय असतं मला माहीतच नाही," हे म्हणाले. "मी एक तर प्लांटवर, नाहीतर पडदे ओढून झोपलेला. जानेवारीत तू शाळेत गेलीस की मी बारापर्यंत पेपर वाचायचो. मग घर एकदम मोठं व्हायचं. एकदा तर मी नुसता प्लांटच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो. तुला सांगायची लाज वाटली."

मी पाच महिने फुलके आणि चहा मनात धरून बसले होते. इतक्या वर्षांत नवऱ्याला मी इतकं कमी कधीच ओळखलं नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.  मी उलट प्रश्न विचारला.

"आणि आज पोरोसला चार तास एकटे होतात. काय केलंत?"

"काही नाही. बघत होतो. एक जण होडीला रंग देत होता, तो पूर्ण होईपर्यंत बघितलं."

"भीती नाही वाटली? खिशात कंगवा फक्त."

"पहिला अर्धा तास वाटली. मग नाही." हे खाली बंदराकडे बघत होते. "तू पुढच्या बेटावर आहेस, हे माहीत होतं ना."

  मी म्हटलं, "शाळा त्याहून जवळ आहे. रिक्षाने दहा मिनिटं."

यांनी ते ऐकून घेतलं, त्यावर विचार केला, आणि म्हणाले, "मग राहू दे शाळा."

अजून बऱ्याच पायऱ्या बाकी होत्या. उठताना यांनी माझा हात धरला, आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही.